बाजारभाव आणि तारेवरचा भार

वीज कमी पडली की दर चढेल, दर चढला की उचल घटेल आणि वीजजाळे आपोआप सावरेल, असे विजेच्या बाजाराचे समर्थक मोठ्या विश्वासाने सांगतात. या विश्वासाची परीक्षा २०१२ सालीच होऊन गेली आहे. ३० जुलैच्या उत्तररात्री उत्तर भारताचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग गेले. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशातील वीज गेली, आगगाड्या वाटेत थांबल्या, बंगाल-झारखंडच्या खाणींत शेकडो कामगार काही तास जमिनीखाली अडकून पडले.

वेळापत्रकाबाहेर उचललेल्या विजेचा दर तेव्हा जाळ्याच्या वारंवारतेवर ठरे. त्या रात्री उत्तरेकडील राज्ये ठरल्याहून जादा वीज उचलत होती आणि पश्चिम विभाग, ज्यात महाराष्ट्र मोडतो, ठरल्याहून कमी. बेरीज जवळजवळ जुळत होती. वारंवारता ४९.६८ हर्ट्झ, म्हणजे पन्नासाच्या आसपासच. मग तिच्यावर बेतलेला दर धोक्याची घंटा वाजवणार कसा? धोका होता तो दोन विभागांना जोडणाऱ्या मार्गावरील ४०० किलोव्होल्टच्या बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर. तिची एक जोडवाहिनी कामासाठी बंद होती. उरलेलीवर इतका भार आला की तारेत कोणताही बिघाड नसताना संरक्षक यंत्रणेने तो बिघाडच समजून ती तोडली. मग तो भार पूर्वेकडून वळसा घेऊन उत्तरेकडे धावला, आणि पुढचे सारे काही क्षणांत घडले.

येथे खासगी भांडवलावर खापर फोडून आपली सुटका नाही. जादा उचल करणाऱ्या वीजसंस्था मुख्यतः सरकारी होत्या. परंतु त्यांना मिळालेली शिकवण बाजाराचीच होती: पैसे मोजण्याची ऐपत असेल तर भारप्रेषण केंद्राची आज्ञा डावलता येते. चौकशी समितीनेही वारंवारतेचे नियंत्रण या दरपद्धतीवर सोपवणे क्रमाने बंद करावे, असेच सुचवले.

आज उद्याची वीज कोठून कोठे वाहील हे आदल्या दिवशीच्या बोलींवर अधिकाधिक ठरू लागले आहे. त्यात ढग आणि वारा यांची अनिश्चितता मिसळली आहे. एक वाहिनी अकस्मात तुटली तरी बाकीच्यांनी भार पेलावा, एवढी क्षमता रिकामी राखावी लागते. व्यापाऱ्याच्या हिशेबी ती पडून राहिलेली रक्कम आहे. म्हणूनच ती किती असावी हे व्यापाऱ्याने ठरवता कामा नये. प्रथम जाळ्याचे सामर्थ्य मोजावे, त्यात अंदाज चुकण्याची जागा सोडावी, आणि उरेल तेवढ्यातच सौदे होऊ द्यावेत. ते सौदे ऐन वेळी कापण्याचा अधिकार भारप्रेषण केंद्राकडे निरपवाद हवा, आणि तो वापरणाऱ्या अभियंत्याला कोणत्याही मंत्रालयातून दूरध्वनी येता कामा नये.