मैदानापेक्षा आभाळ मोकळं हवं

वसईतल्या निर्मळ, कळंब, राजोडी, भुईगाव या पट्ट्यातल्या वाडीमालकांना, लग्नघरांना आणि क्रीडा मंडळांना एक कळकळीची विनंती आहे. हेलिकॉप्टर उतरवायला कोणी तुमचं मैदान मागितलं, तर होकार देण्याआधी मधोमध उभे राहून वर बघा. माड किती जवळ आहेत? महावितरणच्या तारा कुठून गेल्यात?

हेलिकॉप्टर सरळ खाली येतं नि सरळ वर जातं, असं आपण धरून चालतो. पण एरवी ते वाऱ्याकडे तोंड करून तिरकं उतरतं आणि निघताना पुढे सरकत वेग घेतं. माणसं भरलेली असली आणि ऊन तापलेलं असलं, तर सरळ वर चढायला ताकद पुरेलच असं नाही, कारण तापलेली हवा विरळ असते. म्हणून येण्याजाण्याची वाटही मोकळी लागते. तारा तर वैमानिकाला वरून सहसा दिसतच नाहीत. २५ मे २०१७ रोजी निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडताच खाली आलं आणि विजेच्या तारांत अडकलं. सगळे वाचले, हे नशीब. ३ मे २०२४ रोजी महाडला राजकीय नेत्या सुषमा अंधारे यांना न्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरतानाच कोसळलं.

जागामालकाचा होकार म्हणजे परवानगी नव्हे. तात्पुरत्या हेलिपॅडसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पोलिसांना कळवावं लागतं आणि अग्निशमनाची सोय ठेवावी लागते. अर्ज हेलिकॉप्टर कंपनीने करायचा असतो. त्यासाठी केंद्राचं हेलीसेवा संकेतस्थळ २०२१ पासून आहे. 'सगळं झालंय' या तोंडी शब्दावर जाऊ नका, परवानगीचा कागद मागा. कागद नसेल तर वरात गाडीतूनच येऊ द्या. कळंबची पुळण मोकळी दिसते, पण वारं लागताच रेती डोळ्यांत जाते आणि रविवारी तिथे पोरंबाळं खेळत असतात. निर्मळच्या कार्तिकातल्या यात्रेच्या दिवसांत तर हा विचारही नको.

परवानगी घेऊन हेलिकॉप्टर आलंच, तर मैदानावर आधी पाणी मारा. ताडपत्र्या, मंडपाचं कापड, प्लास्टिकच्या खुर्च्या दूर हलवा. मुलांना हाताशी धरा. पंखे पूर्ण थांबेपर्यंत कोणी पुढे जायचं नाही, फोटोसाठीही नाही. शेपटीकडचा लहान पंखा फिरताना दिसेनासा होतो आणि माणूस जागच्या जागी मारतो. मागून कधीच जाऊ नका. वैमानिकाने खूण केली तरच, समोरून, त्याच्या नजरेसमोरून, वाकून जा.

हे सगळं हौसेपुरतं नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पालघरच्या किनाऱ्याजवळ अडकलेल्या गाल कन्स्ट्रक्टर बार्जवरच्या १३७ जणांच्या सुटकेत तटरक्षक दलाची चेतक हेलिकॉप्टरं होती. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात होतं, वीज गेली होती, हे आपण विसरलेलो नाही. तशा वेळी हेलिकॉप्टर उतरवायला जागा शोधत बसायला सवड नसते. तेव्हा पावसाळ्याआधी जाणकारांना घेऊन परिसरातली एक उंच, टणक, पाणी न साचणारी जागा पाहून ठेवा, तिची माहिती वसई तहसील कार्यालयात द्या, आणि तिच्या कडेला नवा खांब किंवा नवी तार येत असेल तर तेही कळवा.