अंगठा म्हणजे संमती नव्हे

न्हावा शेवा येथील बंदर १९८९ साली सुरू झाले. त्यापूर्वी उरण-पनवेलच्या या किनाऱ्यावरील शेतजमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेण्यात आल्या. त्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये एक तरतूद होती. निवाड्याची रक्कम ज्याने हरकत न नोंदविता स्वीकारली, त्याला कलम १८ खाली आपले प्रकरण न्यायालयाकडे पाठविण्याची मागणी करता येत नसे. ‘हरकत राखून’ हे दोन शब्द अंगठ्याच्या वर लिहिले गेले की नाहीत, एवढ्यावर एका कुटुंबाचा हक्क टिके किंवा बुडे. ज्याला वाचता येत नाही त्याला ते शब्द सुचणार तरी कसे?

वाचकहो, जमिनीच्या कागदाविषयी आपली माणसे आता सावध झाली आहेत. परंतु दुसरा एक कागद आहे, त्याच्याकडे अजून आपले लक्ष गेलेले नाही. औषधाचा प्रयोग करावयाचा असतो, रोगाची पाहणी करावयाची असते. त्यासाठी संशोधक वस्तीत येतात आणि संमतिपत्र पुढे करतात. जमिनीऐवजी येथे देह असतो, इतकाच काय तो फरक.

मुंबईचे उदाहरण घ्या. १९९८ साली टाटा स्मारक रुग्णालयाने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साहाय्याने तेथील झोपडपट्ट्यांत एक मोठा प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ठराविक काळाने तपासणी झाली. पातळ ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची ही पद्धत स्वस्त आहे, व थोड्या शिक्षणाने आरोग्यसेविकेलाही जमते. उरलेल्या निम्म्यांना रोगाची माहिती देण्यात आली. तपासणी मात्र करण्यात आली नाही. तपासलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. तो मोलाचा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २०१६ साली केंद्र सरकारने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत हीच पद्धत आहे.

पण त्या दुसऱ्या गटाचे काय? या रोगासाठी पॅप चाचणी जगात अनेक दशके प्रचलित होती. ती कोठे मिळते, हे त्या स्त्रियांना समजेल असे सांगितले होते काय? अमेरिकेतील मानवी संशोधन-संरक्षण कार्यालयाने चौकशी केली तेव्हा या संमतिपत्रातील माहिती अपुरी ठरली.

प्रयोगाच्या समर्थकांचे उत्तर असे की, या देशात सार्वत्रिक तपासणीची सोयच नव्हती. तेव्हा कोणाकडून काही हिरावून घेतले नाही. वकील या नात्याने मला हा युक्तिवाद घातक वाटतो. सोय नव्हती ती कोणाला? ऐपत असलेल्या स्त्रीला याच मुंबईत ती चाचणी मिळत होती. दारिद्र्य हेच जर उपचाराचे परिमाण धरले, तर ज्याला कमी मिळते त्याच्यावर प्रयोग करणे सर्वांत निर्दोष ठरेल! समता मानणाऱ्या राज्यघटनेखाली हे चालू देता येणार नाही.

न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांनी १९४७ साली स्वेच्छेची संमती ही पहिली अट म्हणून घातली. आपल्या देशात २०१९ च्या नियमांनुसार औषध-प्रयोगातील व्यक्तीला संमतिपत्राची व माहितीपत्राची प्रत मिळाली पाहिजे. निरक्षर असेल तर निःपक्षपाती साक्षीदार हवा. प्रयोगामुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व भरपाई मिळावयास हवी. कोणत्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडता येते. नकार दिला म्हणून दवाखान्यातील नेहमीचे औषध कोणी बंद करू शकत नाही. हे आपल्या आयाबहिणींना सांगा. पुष्कळांना प्रत मागता येते हेच ठाऊक नसते.

मात्र हे नियम मुख्यतः औषधांचे आहेत. विस्थापितांच्या घरी जाऊन उत्पन्न, आजार, कौटुंबिक कलह विचारणाऱ्या पाहण्यांना त्यांचा आधार नाही. सामाजिक संशोधनासाठी मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली नीतितत्त्वे तयार झाली. ती चांगली आहेत, पण ती पाळली नाहीत तर शिक्षा कोण करणार?

माझी सूचना एकच आहे. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिक समितीत एक विधिज्ञ व एक सामान्य नागरिक असावा लागतो. हा सामान्य नागरिक संस्थेच्या ओळखीतून आला तर तो मान डोलावण्यापुरताच उरतो. ज्या वस्तीवर संशोधन व्हावयाचे, त्याच वस्तीने त्याला पाठवावे. बंदरासाठी उठविलेल्या शेव्याच्या कोळ्यांची, म्हणजे हनुमान कोळीवाड्याची, पाहणी करावयाची असेल तर तो सभासद त्या कोळीवाड्यातलाच हवा. आणि संमतिपत्राचा मसुदा प्रथम त्याच्यापुढे वाचला जावा, तज्ज्ञांपुढे नंतर.