उभ्या अ‍ॅम्ब्युलन्सलाही वाट हवी



सायरन वाजवत येणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सला वाट द्यायची, हे नातवंडांनाही ठाऊक असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाट अडवणाऱ्याला १०,००० रुपये दंड होऊ शकतो. पण तीच अ‍ॅम्ब्युलन्स अपघाताजवळ उभी राहिली, की तिथे वाकून काम करणाऱ्यांचा विचार कोण करते?

५ ऑक्टोबर २०२२, दसऱ्याची पहाट. वांद्रे-वरळी सी लिंकवर अपघातातल्या लोकांना मदत चालू असताना भरधाव मोटार त्यांच्यातच घुसली. पाच जण गेले. जुलै २०२३ मध्ये अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर अपघाताभोवती जमलेल्या गर्दीत गाडी शिरली. नऊ जण गेले; त्यांत मदतीला आलेले एक पोलीस आणि एक होमगार्डही होते.

हिशेब सोपा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद मोबाइलकडे पाहिले, तर ४४ मीटर आंधळा प्रवास!

अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत अशा उभ्या गाड्यांपासून एक लेन सोडून जाण्याचा, ते जमत नसेल तर वेग कमी करण्याचा कायदा आहे. आपल्याकडेही असा स्पष्ट नियम हवा.

तोवर चालकाशेजारी बसणाऱ्या आपण गप्प राहू नये. लुकलुकणारे दिवे दिसले की म्हणावे, “हळू घ्या, बाजूने घ्या.” आणि बघायला म्हणून गाडी मुळीच थांबवू देऊ नये. जयणा काही फक्त स्वयंपाकघरापुरती नसते.