विदूषकाचे अश्रू आणि टीकाकारांची सोय

टोनी हॅन्कॉक या इंग्रज विनोदी नटाविषयीं चार ओळी लिहावयाच्या म्हणजे पहिल्या तीन त्याच्या मृत्यूवर खर्चावयाच्या, असा प्रघातच पडून गेला आहे. १९६८ च्या जून महिन्यांत, वयाच्या ४४ व्या वर्षीं, त्यानें सिडनी येथें आत्महत्या केली. आणि तेव्हांपासून त्याच्या प्रत्येक विनोदामागें हुंदका ऐकणारे रसिक निपजूं लागले. तो अंतर्यामीं दुःखी होता म्हणूनच त्याचा विनोद खोल होता, असा या मंडळींचा सिद्धान्त. आमच्या मतें हा कारुण्याचें सोंग घेतलेला निव्वळ आळस आहे.

१९५४ सालीं बी.बी.सी.च्या नभोवाणीवर ‘हॅन्कॉक्स हाफ अवर’ सुरू झालें. ईस्ट चीम नांवाच्या कल्पित उपनगरांत राहणारा, वाचलेल्या आणि न वाचलेल्या पुस्तकांच्या जोरावर जगाला शिकवूं पाहणारा त्यांतील बडेजावी गृहस्थ रे गाल्टन व ॲलन सिम्प्सन या लेखकद्वयानें घडविला. १९५८ मधील रविवारच्या दुपारचा भाग घ्या. त्यांत घडत कांहींच नाहीं. सुस्कारे, कंटाळा आणि पुनःपुन्हां वेळ विचारणें. ज्या माध्यमांत क्षणभर शांतता पसरली कीं यंत्र बिघडलें असें श्रोत्यास वाटावें, तेथें या मंडळींनीं शांततेलाच हंशा मिळवून दिला! तो विराम किती लांबवावा हें दुःखाला काय कळणार? तें नटाच्या कानाला कळतें, आणि त्या कानाला संहिता तशीच तोलाची लागते.

आतां ‘द ब्लड डोनर’ पाहा. १९६१ मधील हा त्याचा सर्वांत गाजलेला दूरचित्रवाणी-प्रयोग. त्याच सुमारास मोटारअपघातांत त्याच्या डोक्याला मार बसला होता. पाठांतर साधेना, म्हणून संवाद फलकांवर लिहून त्याच्यासमोर धरावे लागले. लक्षपूर्वक पाहिलें तर समोरच्या नटाला सोडून त्याची नजर भलतीकडेच जाते. येथें यातना प्रत्यक्ष हजर आहेत, आणि त्यांनीं कलेंतून कांहीं वजाच केलें आहे. प्रयोग तरला तो लेखनाच्या बळावर व पूर्वींच्या मेहनतीच्या पुण्याईवर.

त्याच वर्षीं त्यानें त्या लेखकांची संगत सोडली. त्यांनीं १९६२ मध्यें ‘स्टेप्टो अँड सन’ उभें केलें. हॅन्कॉक मात्र मद्याच्या आहारीं जात राहिला. (१९६० मधील जॉन फ्रीमन यांच्या मुलाखतीनें त्याला आत्मपरीक्षणाचें वेड लावलें, असेंही कांहीं जण सांगतात. एका मुलाखतीच्या माथीं किती खापरें फोडावीं!) दुःख वर्षागणिक वाढत गेलें. सिद्धान्त खरा असता, तर १९६७ चा हॅन्कॉक १९५८ च्या हॅन्कॉकहून श्रेष्ठ ठरावयास हवा होता. तसें म्हणण्याचें धाडस त्या रसिकांनाही होत नाहीं.