आधी शेजारची ताटली

मुलांना धर्म शिकवावा कसा, असा विषय परवा आमच्या स्टाफरूममध्ये निघाला. एका ख्रिस्ती सहकाऱ्यांनी सांगितले की, त्यांच्या मुलीला शब्बाथ शाळेतून नाताळच्या बिस्किटांचा एक तक्ताच मिळाला आहे. चांदणीच्या आकाराचे बिस्किट म्हणजे बेथलेहेमचा तारा, आकडीचे म्हणजे मेंढपाळाची काठी, साखर म्हणजे अमुक, मीठ म्हणजे तमुक. मुलीने तक्ता पाठ केला. बिस्किटे मात्र दुकानातून आली! सारे हसले. मीही हसलो, पण मनात काहीतरी खटकले ते खटकलेच. म्हणून हा लेख.

मी मूळचा रामाकोन्याचा. आपल्या अंकाच्या वाचकांना हे गाव ठाऊक असण्याचे कारण नाही. इकडे मराठीला शेजार कन्नडचा, तिकडे हिंदीचा. मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यातले, कन्हान नदीच्या बाजूचे हे गाव. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. भोवती संत्र्यांच्या बागा. नागपूरहून येणारी छोटी गाडी २०१५ साली बंद होऊन तिथे मोठी लाइन झाली. पण माझ्या लहानपणी नाताळच्या मनुका आणि मैदा त्याच छोट्या गाडीने येत असे.

आमच्या घरी ओव्हन नव्हता. आजी मोठ्या पातेल्यात वाळू पसरायची, ती तापली की केकचा डबा आत ठेवायची आणि वरच्या झाकणावर निखारे रचायची. विलायती मुरंब्याऐवजी आमच्या केकमध्ये आंबिया बहाराच्या संत्र्यांची साल असे. ती दोन-तीन पाण्यांत उकळून कडूपणा काढायचा आणि मग पाकात मुरवायची, हे काम आम्हा मुलांचे. झाकण मधेच उघडायचे नाही, अशी सक्त ताकीद. ख्रिस्ती पंचांगात नाताळापूर्वीच्या चार रविवारांना आगमनकाळ म्हणतात; तो वाट पाहण्याचा काळ. त्याचा अर्थ मला पुढे पुस्तकात सापडला. वाट पाहणे म्हणजे काय, हे मात्र त्या पातेल्याशेजारी बसूनच कळले होते.

कणीक मळताना आजी सांगे, बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’. आपल्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेतही मागणे आहे ते भाकरीचे, पावाचे नव्हे. तेवढेच तिचे प्रवचन. बाकी सारे शिक्षण हातांनी होई.

त्या शिक्षणातला पहिला नियम असा की, पहिला केक बिनअंड्याचा. तो वेगळ्या भांड्यात, दही घालून केलेला, आणि शेजारच्या शाकाहारी घरांसाठी. त्यांच्या ताटल्या पोचल्याशिवाय घरात कोणी तुकडा मोडायचा नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, खाण्याच्या बाबतीत दुसऱ्याच्या मनाला ठेच लागू देऊ नये, असा विचार मांडला आहे. आजीने तो अध्याय आम्हाला कधी वाचून दाखवला नाही. वेगळे भांडे तेवढे घासायला लावले.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. एका घरी ताटली देऊन परत फिरलो आणि विसरलेला रुमाल घ्यायला पुन्हा गेलो, तर आमचा केक गोठ्यात गाईपुढे पडलेला. ताटली धुऊन, रिकामी, ओट्यावर पालथी घातलेली. मी रडत घरी आलो. त्याच घरचा दिवाळीचा फराळ आम्ही आवडीने खात होतो ना! आजी एवढेच म्हणाली, “गाईनं खाल्ला ना? मग वाया नाही गेला. पुढच्या वर्षी तूच न्यायचा.”

तेव्हा मला तिचा राग आला होता. पुढे इतिहासात पंचहौद मिशनचे प्रकरण वाचले. १८९० साली पुण्याच्या त्या मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली आणि त्यावरून ग्रामण्य झाले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. एका बिस्किटाने धर्म बुडतो, असे मानणारा तो काळ. गोठ्यातला माझा केक त्याच काळाचे शेपूट होते.

पण वाचकहो, आपण उलट बाजूनेही तीच चूक करीत नाही ना? बिस्किटाने धर्म जात नसेल, तर बिस्किटाने तो येतही नाही. चांदणीचा आकार कापला म्हणून मुलाच्या मनात श्रद्धा उगवत नाही. तक्ता पाठ करणारे मूल परीक्षेत उत्तीर्ण होईल. पण आपल्याला न आवडणाऱ्या घरी ताटली घेऊन जाण्याचे बळ त्याला तक्ता देणार नाही.

कोणी म्हणेल, “मग केक कशाला? सरळ उपदेश करा.” कोणी म्हणेल, “गोडाधोडातून शिकवलेल्या धर्मातून गोडच तेवढे लक्षात राहते.” ही दुसरी शंका मला खरी वाटते. मूल फक्त खाणारे असेल, तर तसेच होणार. ते जेव्हा साल उकळते, निखारे सांभाळते, स्वतःच्या तोंडचा पहिला घास दुसऱ्याच्या दारी पोचवते, तेव्हा त्या गोडात कष्ट, धीर आणि क्वचित अपमानही मिसळतो. ख्रिस्ताची शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा मुलाला समजायची ती अशीच. संक्रांतीचा तिळगूळ किंवा ईदचा शीरखुर्मा घेऊन जाणाऱ्या मुलांनाही हा धडा निराळा वाटणार नाही.

पुढच्या वर्षी मी ताटली नेली. त्याच्याही पुढच्या वर्षी नेली. तिसऱ्या वर्षी त्या घरची ताटली परत आली, ती रिकामी नव्हती. तिच्यात तिळाचे चार लाडू होते. आमचा केक त्यांनी खाल्ला की नाही, हे मी विचारले नाही. आजीनेही विचारू दिले नसते.

यंदा सहकाऱ्यांच्या मुलीला मी घरी बोलावले आहे. आमच्याकडे आता ओव्हन आहे, संत्री बाजारात आहेत. तक्ता तिने घरीच ठेवावा. तिने साल उकळावी आणि पहिली ताटली कोणत्या दारी न्यायची, ते तिचे तिनेच ठरवावे.