श्यामवर्ण आणि नायकपद

गेल्या महिन्यांत आमच्या पुतण्यानें दोन अमेरिकन बोलपट घरच्या घरीं एकामागून एक दाखविले. दोहोंचाही विषय पुरुषापुरुषांतील प्रेम. तें कळतांच वहिनी जपमाळ घेऊन आंत गेल्या. आम्ही बसून राहिलों. विषयानें आम्हांस फारसें दचकविलें नाहीं. नायकपद कोणास दिलें आहे, ह्या गोष्टीनें मात्र विचारांत पाडलें.

पहिला 'स्टोनवॉल', २०१५ सालचा. न्यूयॉर्कमधील ह्या नांवाच्या मद्यगृहावर जून १९६९ मध्यें पोलिसांची धाड पडली, आणि नित्याच्या छळास विटलेले समलिंगी लोक उलटून उभे राहिले. मार्शा जॉन्सन ह्या कृष्णवर्णी व्यक्तीचें नांव त्या दंगलीशीं कायमचें जोडलें गेलें आहे. परंतु दिग्दर्शक रोलंड एमेरिक ह्यांनीं इंडियाना प्रांतांतून आलेला एक गोरा, देखणा, सर्वस्वी कल्पित तरुण मध्यभागीं आणला, आणि पहिली वीट फेंकण्याचा मानही त्यालाच दिला. मार्शाबाई कडेला! बोलपटाची झलक प्रसिद्ध होतांच बहिष्काराची हांक उठली. एमेरिक ह्यांचें म्हणणें असें कीं, अशा नायकाच्या द्वारें इतर प्रेक्षकांस कथेंत शिरणें सोपें जातें.

दुसरा बोलपट बॅरी जेन्किन्स ह्यांचा 'मूनलाइट', २०१६ सालचा. मायामी शहरांतील लिबर्टी सिटी ही कृष्णवर्णीयांची गरीब वस्ती. मूळ कथाकार टॅरेल मॅक्रेनी व जेन्किन्स दोघेही तेथेंच वाढलेले. नायक शायरन हा बाल, किशोर व तरुण अशा तीन अवस्थांत तीन नटांनीं वठविला आहे. एकानें दुसऱ्याची नक्कल करूं नये म्हणून चित्रणाच्या काळांत तिघांची भेटच होऊं दिली नाहीं. तरीही डोळ्यांतील भेदरलेपण तिघांचें एकच. गोरें प्रमुख पात्र एकही नाहीं, म्हणजे एमेरिक ह्यांचें तें द्वारही नाहीं. तरी आम्ही, मराठी वाड्यांत वाढलेले वृद्ध, विनासायास आंत शिरलों. २०१७ सालीं ऑस्करच्या समारंभांत चुकून दुसऱ्याच बोलपटाचें नांव पुकारलें गेलें, आणि मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान ह्याला मिळाला.

नट स्वतः समलिंगी असावा काय, हा वाद निराळा. परकें मन धारण करणें हा नटाचा धर्मच होय. परंतु ज्यांनीं सोसलें त्यांची कातडीच पडद्यावरून पुसून टाकणें ह्यास अभिनय कसा म्हणावा?

मॅक्रेनी ह्यांच्या मूळ संहितेच्या नांवाचा आशय असा कीं, चांदण्यांत काळीं मुलें निळीं दिसतात. तें ऐकून आम्हांस भरतमुनी आठवले. त्यांनीं शृंगाररसाचा वर्ण श्याम सांगितला आहे. हा पाठ आम्हीं वर्गांत किती वेळां घोकून घेतला असेल!

आणि तरीही एका वर्षीं शाळेच्या स्नेहसंमेलनांत श्रीकृष्णाची भूमिका आम्हीं वर्गांतील सर्वांत गोऱ्या मुलास दिली. एक सांवळा मुलगा त्याच्याहून स्वच्छ बोलत असे. श्लोक त्याचे तोंडपाठ. त्याच्याकडे आम्हीं पाहिलेंच नाहीं. प्रयोगाच्या संध्याकाळीं गोऱ्या कृष्णाच्या अंगास निळा रंग फासावा लागला. रंगाची वाटी धरावयास आम्हीं त्या सांवळ्या मुलासच उभें केलें होतें.