मेकअप दादा आणि हेअर ताई




मनोरंजन क्षेत्रातल्या स्त्री-पुरुष विषमतेची चर्चा नायिकेच्या मानधनापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. मी अठरा वर्षं मालिकांच्या सेटवर केस करते. आमच्याकडे विषमता हाकेतच ऐकू येते: रंगभूषा करणारा ‘मेकअप दादा’, केस करणारी ‘हेअर ताई’. हा निव्वळ योगायोग समजू नका. मुंबईतल्या आमच्या व्यवसायाच्या संघटनेने पन्नासहून अधिक वर्षं बायकांना केशभूषेचंच सभासद-कार्ड दिलं. रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या चारू खुराना यांनाही रंगभूषेचं कार्ड नाकारलं. कारण काय, तर बायका मेकअपला आल्या की पुरुषांच्या पोटावर पाय येईल! (१९१३ साली चित्रपटात काम करायला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके पडद्यावर राणी तारामती झाले. शतकभराने बाई ब्रश घेऊन दारात उभी, तर दाराला कडी.) अखेर १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मोडीत काढला.

पण कार्डाने काम मिळत नाही, फोनने मिळतं. आणि फोन दादांकडून दादांनाच जातो. ‘रात्री पॅकअपला उशीर होतो, बाईला सोडायला गाडी लागते,’ हे उत्तर मी स्वतः ऐकलं आहे. पुरुष सहाय्यक घरी कसा जातो, हे कुणी विचारत नाही.

केरळमधल्या चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या हेमा समितीचा अहवाल २०१९ अखेरीस सरकारला मिळाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांसमोर आला. सेटवर शौचालय नसल्याने बायका तासन्‌तास पाणी पीत नाहीत, असं त्यात नोंदलं आहे. मला ते वाचून नवल वाटलं नाही. बाहेरच्या शूटिंगला आम्हीही बाटली पिशवीतच ठेवतो. नायिकेच्या व्हॅनिटी व्हॅनमधल्या शौचालयात जायला परवानगी मागावी लागते, आणि रोज कोण मागणार?

सेटवर छळ झाल्याचं बोललं, की ‘मग तक्रार करा,’ असं सांगितलं जातं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. सेटवर तर शंभरजण असतात. पण रोजंदारीवरची बाई तक्रार करते, तेव्हा पुढच्या मालिकेला तिचा फोन वाजत नाही.

म्हणून दाब पैशाच्या बाजूने यायला हवा. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. त्या अर्जात दोन रकाने वाढवावेत: अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं, आणि चित्रीकरणाच्या प्रत्येक ठिकाणी बायकांसाठी शौचालयाची सोय. गोरेगावची चित्रनगरी तर सरकारचीच आहे. तिथल्या प्रत्येक परवानगीला हीच अट उद्यापासून लावता येईल.

— एक केशभूषाकार, मीरा रोड